मांजरीला चालतील अशी झाडं

माझ्या शेजारणीच्या गॅलरीकडे रस्त्याने जाणारा माणूस मान वर करून बघायचा. मग त्याची नजर सरकून बाजूच्या, म्हणजे माझ्या गॅलरीवर यायची आणि लगेच खाली जायची. हे मी रोज बघायचे आणि रोज माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू? ओवा खाऊन जाणारी पोटदुखी नव्हती ती.

तिच्याकडे छतापर्यंत चढलेला मनीप्लांट, पांढऱ्या ठिपक्यांच्या हातभर पानांचा डिफनबेकिया, लाल शिरांचं शोभेचं अळू, क्रोटन, लिली, आणि कोपऱ्यात ऐटीत उभा पाम. माझ्याकडे एक किडकिडीत तुळस, एक नेचा, केरसुणी आणि दोरीवर पोरांच्या चड्ड्या. पाहुणे यायचे माझ्याकडे, चहाचा कप घ्यायचे माझ्या हातून, आणि माझ्याच गॅलरीत उभे राहून तिची झाडं बघायचे. "काय झकास गॅलरी ठेवलीय हो तुमच्या शेजारणीने!" मी म्हणायचे, "हो ना," आणि कप जरा आपटूनच विसळायचे.

ही घाटकोपरची गोष्ट, ऐंशीच्या दशकातली. गिरणीच्या संपात आमचं लालबाग सुटलं. नवऱ्याला विक्रोळीच्या एका कारखान्यात काम लागलं आणि आम्ही घाटकोपरला दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मांजर नंतर आली. जिन्याखाली सापडली, मुठीत मावेल एवढी, डोळे चिकटलेले. मीच उचलली. मीच कापूस दुधात बुडवून पाजली. नाव काही ठेवलं नाही. घरात एकच मांजर, तिला नाव कशाला हवं? "मांजर" म्हटलं की यायची. म्हणजे मी म्हटलं की यायची. नवऱ्याने म्हटलं तर नुसता कान हलवायची. हे मी मुद्दाम सांगतेय, म्हणजे ती कोणाची होती याबद्दल पुढे वाद नको.

तर ही मांजर जे हिरवं दिसेल ते चघळायची. मांजरांना मधूनच गवत लागतं, पोट साफ करायला. दुसऱ्या मजल्यावर गवत कुठून येणार? म्हणून माझ्या गॅलरीत येणारं प्रत्येक झाड तिच्या तोंडात जाणार, हे धरूनच चालायचं. जास्वंद, मोगरा, गुलाब असली झाडं तिने चघळली तरी काही बिघडत नव्हतं, पण त्यांना ऊन लागतं. आणि समोरची बिल्डिंग इतकी अंगावर आलेली की ऊन आमच्याकडे पाहुण्यासारखं यायचं, दारातूनच परत फिरायचं. सावलीत जी झाडं माजतात ती नेमकी शेजारणीकडची.

हे शहाणपण मला कसं आलं ते सांगते. मनीप्लांट विकत आणायचा नसतो, मागायचा तर नसतोच. चोरून आणला तरच घरात भरभराट होते, हे मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका दुपारी मी कठड्यावरून हात लांब केला आणि तिच्या मनीप्लांटचा चांगला वीतभर तुकडा खुडला. मुरंब्याच्या रिकाम्या बाटलीत घालायला म्हणून सुरीने खालची पानं काढत होते तर मनगटाला खाज सुटली. सासूबाई बाजूला तांदूळ निवडत होत्या.

"काय गो, अळू चिरतंस काय?"

"अळू कुठलं, मनीप्लांट आहे."

त्यांनी पान हातात घेतलं, मोडलं, हुंगलं. "ह्या अळवाचाच भावंड. मांजरान चावलान तर जीभ सुजतली तेची."

कोकणातल्या बाईला अळू कळतं. कुठलं भाजीचं, कुठलं वडीचं आणि कुठलं घसा धरणारं, हे ती नुसत्या देठावरून सांगते. मी मागे बघितलं तर मांजर बाटलीला नाक लावून उभी. बाटलीसकट ते झाड मी खालच्या कचऱ्यात टाकलं. चोरी केली ती केली आणि भरभराटही हातची गेली.

तेव्हापासून माझी एक पद्धत झाली. झाड घ्यायचं तर आधी पान मोडायचं. पांढरा चीक आला तर झाड दारातूनच परत. चीक नसला तर रस मनगटाच्या आतल्या बाजूला चोळायचा आणि भांडी घासून होईपर्यंत वाट बघायची. खाजलं की परत. मातीत कांदा असलेलं झाड तर बघायचंच नाही, कारण असल्या झाडाला रानातली गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं. हातगाडीवरून कुंड्या विकणारा झाडवाला मला बघितलं की गाडी जोरात ढकलायचा. "घेना नहीं तो पत्ता काहे को तोडता है बाई?" मी म्हणायचे, "मेरा मांजर को चलता है क्या, वो देखती." त्याला वाटायचं बाईचं डोकं फिरलंय. शेवटी हाती लागायचं काय, तर नेचा. नाहीतर ते पांढऱ्या पट्ट्यांचं गवतासारखं झाड, ज्याला दोऱ्यांवर पिल्लं लोंबतात. बरं असतं ते, पण त्याच्यासाठी कोण रस्त्यात मान वर करतंय?

शेजारीण माझ्याहून लहान. माहुलच्या कोळीवाड्यातली पोर, नवरा तिकडच्याच रिफायनरीत पाळीवर. लग्नाला बरीच वर्षं झालेली, घरात मूल नाही. बिल्डिंगमधल्या बायका तिला माहुलवाली म्हणायच्या. स्वभावाने वाईट नव्हती, हेच तर दुखणं. वाईट असती तर मला रागवायला सोपं गेलं असतं. तिची झाडं एवढी का वाढतात हे मी एकदा न राहवून विचारलं, तर लपवलं नाही काही. "मासळी धुतलेलं पाणी घालते वहिनी. आमच्याकडे दुसरं हाय काय?" मी आठवड्यातून एकदा बांगडा आणणार, त्याच्या पाण्यात काय बाग होणार? तिच्याकडे माहुलहून आई सतत काहीतरी पाठवायची.

आणि मग श्रावण लागला. आमच्या घरात श्रावण म्हणजे श्रावण. सासूबाई मासळीचं नावसुद्धा काढू द्यायच्या नाहीत. सगळ्या घराने पाळायचा, म्हणून मांजरीनेही पाळायचा. तिला दूधभात. दोन दिवस तिने ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी ती छज्ज्यावरून चालत पलीकडे गेली. पलीकडे माहुलवाली खाडीच्या निवट्या साफ करत होती. कोळ्याच्या घरात मासळीशिवाय चूल पेटवायची म्हणजे काय, असं ती हसून म्हणायची. निवट्यांचं पाणी कुंड्यांत, डोकी मांजरीला. सगळी गॅलरी घमघमलेली.

मांजर परत आली तेव्हा तोंडाला वास, पोट टम्म, आणि माझा दूधभात तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग रोजच. माझ्या धाकट्याने येऊन बातमी दिली, "आई, मांजर त्या काकूच्या मांडीवर झोपलीय."

माझ्या मांडीवर ती कधी झोपली नव्हती. झोपणार कशी? मी बसायचेच कधी? सकाळी नवऱ्याचा डबा, मग मुलांच्या शाळा, सासूबाईंचं पथ्य, नळाला पाणी येईल तेव्हा पाणी. मांडी मोकळी हवी ना मांजरीला? पण हे सगळं डोक्याला कळतं. मी कठड्याजवळ जाऊन "मांजर!" म्हणून हाक मारली, आणि तिने तिच्या मांडीवरून नुसता कान हलवला. नवऱ्यासाठी हलवायची तसा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडं तुझी, कौतुक तुझं, मासळी तुझी, आता माझी मांजरही घे! घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं.

नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना, श्रावण संपला की येईल परत."

"तुम्ही जेवा गप," म्हटलं.

श्रावण संपायच्या आधीच एका दुपारी ती आली, पण कशी? छज्ज्यावरून धडपडत. तोंडातून लाळेची तार लागलेली, पंजाने सारखी जीभ ओरबाडत होती. मी तिला पदरात धरून तोंड उघडलं. जीभ सुजून जाड झालेली आणि दाताला पांढऱ्या ठिपक्याचा हिरवा तुकडा चिकटलेला. डिफनबेकिया. मातीला निवट्यांचा वास, म्हणून कुंडीत शिरली असणार आणि देठ चावला असणार. मी ओल्या फडक्याने तिचं तोंड आतून पुसलं, बोटाने दही लावलं. सासूबाई मागून सारख्या, "आमसूल लाव गो, आमसूल लाव." मी ओरडले, "अळूचं फदफदं नाही करत आहे मी!" मांजर माझ्या हातातून निसटली आणि पलंगाखाली अगदी भिंतीला जाऊन बसली. हाक मारली तर कानही हलवेना. पाणी ठेवलं, बघेना. एवढ्याशा जिवाचा घसा सुजला तर श्वास कुठून घेणार? मला रडूच फुटलं आणि रडू फुटलं म्हणून आणखी राग आला.

मी तशीच शेजारच्या दारात. बेल नाही वाजवली, दार बडवलं.

"काय झालं वहिनी?"

"काय झालं? तुझ्या शोभेच्या झाडांनी माझी मांजर मारली!"

तिचा चेहरा एकदम पडला. "मेली?"

"मेली नाही अजून. पण तोंड एवढं सुजलंय. कोणी सांगितलं होतं तुला खाऊ घालायला? आमची मांजर आहे, आम्ही बघू काय घालायचं ते. आधी वासाने बोलवायची आणि मग विष…"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती मला ओलांडून माझ्या घरात शिरली. साडीची पर्वा न करता फरशीवर पालथी पडली आणि पलंगाखाली हात घातला. माझं घर, माझा पलंग, माझी मांजर, आणि मी दारात उभी! "ये गो बाय, ये," असं ती आत तोंड घालून म्हणत राहिली. मांजर तिच्याकडेही आली नाही. खरं सांगायचं तर, मला तेवढ्याने जरा बरं वाटलं. दिवेलागणीला मांजर आपणहून बाहेर आली, थोडं पाणी प्यायली आणि ताटलीतलं दही चाटलं. तोवर माहुलवाली तिथेच भिंतीला टेकून बसलेली होती. चहासुद्धा नको म्हणाली.

मग ती उठली आणि मला म्हणाली, "वहिनी, मना सांगा. कोणतं कोणतं काढू?"

आता खरी गोम इथे आहे. कुठली झाडं वाईट ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी गप्प बसले असते तर मांजर आज ना उद्या पुन्हा चावणार. आणि मी सांगितलं तर तिची गॅलरी माझ्या गॅलरीइतकीच बिनधोक होणार. मग मासळीचं घर सोडून मांजर माझ्या दूधभाताकडे कशाला येईल? म्हणजे मांजरीला वाचवायचं तर माहुलवालीला देऊन टाकायची. बाई गं, काय ही पंचाईत!

मी गेले. मांजर मेली असती तर कोणाचीच राहिली नसती, एवढं कळत होतं मला. तिच्या गॅलरीत पहिल्यांदाच नीट उभी राहिले आणि माझी तपासणी सुरू केली. पान मोडायचं, चीक बघायचा, मनगटाला चोळायचं. डिफनबेकिया तर गुन्हेगारच. मनीप्लांट त्याचाच भाऊ. शोभेचं अळू, नावातच आलं. क्रोटनला चीक. लिलीला खाली कांदा. "हे काढ. हेही काढ. हे तर आजच काढ." ती एकेका कुंडीकडे बघत होती आणि मान हलवत होती. मग आला पाम. रस्त्यावरची माणसं सगळ्यात जास्त बघायची ती त्या पामाकडे. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, हाही काढ म्हणून. कोण मला विचारणार होतं? पण पान मोडलं, चीक नाही. चोळलं, खाज नाही. "हा राहू दे," म्हटलं. चडफडत म्हटलं, पण म्हटलं.

मला वाटलं, ती एखाददुसरी कुंडी हलवेल, मनीप्लांट वर टांगेल आणि झालं. तिने पाम सोडून सगळंच काढलं. डिफनबेकिया तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला देत होती, तर मीच अडवलं. त्यांच्याकडे पामेरियन होता. "कुत्र्यालाही तेच होतं गं. कुत्रा काय अळू पचवतो?" मग तिच्या नवऱ्याने त्या सगळ्या कुंड्या टेम्पोत घालून रिफायनरीच्या ऑफिसात नेल्या. तिथे ना मांजर ना कुत्रा, फक्त साहेब. डिफनबेकियाचं झाड तेवढं मुळासकट उपटून नेलं. त्याची कुंडी माणूस बसेल एवढी, ती कोणाला उचलवली नाही, म्हणून ती तिथेच राहिली.

एकट्या पामासाठी आता रस्त्याने जाणारं कोणी वर बघेना. आणि बिल्डिंगमधल्या बायका? नळावर माझ्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, "नजर लागली हो बिचारीच्या झाडांना." म्हणजे माझी! मी म्हटलं, "माझी नजर एवढी पॉवरफुल असती तर तुमचा कलर टीव्ही आधी फुटला असता." त्या बाईने माझ्याशी बोलणं टाकलं, ते बरंच झालं.

मला वाटलं होतं, तिची गॅलरी भकास झाली की माझं पोट दुखायचं थांबेल. कसलं काय! उलट वाढलं. आधी तिच्याकडे झाडं होती म्हणून मी जळायचे. आता तिने ती माझ्या मांजरीसाठी सोडली म्हणून जळायला लागले. मी काय सोडलं होतं मांजरीसाठी? एक चोरलेला वीतभर मनीप्लांट. तिने सगळा बगीचा दिला आणि वर तोंडातून एक शब्द नाही काढला. असल्या बाईशी भांडायचं तरी कुठून?

गणपती गेले आणि मी कंबर कसली. बांगडे आणले, मोरी आणली, कोलंबी आणली. नवरा खूश. मांजर यायची, पोटभर खायची, मिशा साफ करायची आणि छज्ज्यावरून माहुलला जायची. मधेच कधीतरी लक्षात आलं की तिचं पोट मासळीने वाढलेलं नाही. सासूबाईंनी हात फिरवून बघितला. "गाभण आसा."

आता माझ्या डोक्यात एकच. बाळंत कुठे होणार? मांजर आपली पिल्लं जिथे जिवाला भरवसा वाटतो तिथे घालते. हे तिचं उत्तर असणार होतं, सगळ्या बिल्डिंगसमोर. मी पंख्याचं मोठं खोकं पलंगाखाली ठेवलं, त्यात सासूबाईंचं जुनं मऊ लुगडं घडी करून घातलं. लुगडं मागितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाळंतपणाक वापरललां तां." मी म्हटलं, "म्हणूनच." मांजर आली, खोक्यात गेली, गोल फिरली, एकदा बसलीसुद्धा. मला इतका आनंद झाला की मी वरणाला फोडणी द्यायची विसरले.

एका सकाळी, मुलं शाळेत गेल्यावर, पलीकडून हाक आली. "वहिनी! लवकर या! बाळंत होतेय!"

डिफनबेकियाच्या त्या रिकाम्या कुंडीत. माझ्या सांगण्यावरून जी रिकामी झाली, तीच. तळाला राहिलेल्या सुक्या मातीवर माहुलवालीने गोणपाट टाकलं होतं, एवढंच. मी गेले तेव्हा तीन झाली होती, चौथं माझ्यासमोर झालं. मांजर चाटत होती, आणि माहुलवाली कुंडीशेजारी फरशीवर बसून दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती.

"मी खोकं ठेवलं होतं," मी म्हटलं. "मऊ लुगडं घातलं होतं त्यात."

ती हसली. डोळे भरलेले आणि हसतेय. "पहिलं बाळंतपण ना वहिनी? ते माहेरीच होतं. मी माहेर, तुम्ही सासर. सव्वा महिना झाला की पाठवते तुमच्याकडे."

"मी सासर? जिन्याखालून उचलली कोणी? कापसाने दूध कोणी पाजलं?"

माझ्या मागून सासूबाई आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. "बरोबर बोलला चेडू. सासरच आमचा." मला दोघींचाही इतका राग आला की मी तशीच घरी आले आणि ते खोकं पाय मारून चेपून टाकलं.

सव्वा महिना तिने त्या मांजरीचं जे बाळंतपण केलं ते सगळ्या मजल्याने बघितलं. बिनतिखटाचं निवट्यांचं कालवण. कुंडीवर सावलीला ओढणी. कोणी बघायला गेलं तर दारातूनच, "बाळंतिणीला फार माणसं नकोत." मला तेवढी आत घ्यायची, पण सासूला घेतात तशी, पाट देऊन. एकदा पिल्लांकडे बघता बघता म्हणाली, "आमच्या घरात कोण पहिल्यांदाच बाळंत झालं, वहिनी." मी एक पिल्लू हातात घेतलं आणि परत ठेवलं.

सव्वा महिन्याने तिने शब्द पाळला. सकाळी दारात उभी. मासळीची टोपली घासूनपुसून लख्ख केलेली, आत तिचा नवा कोरा टॉवेल अंथरलेला, त्यात मांजर आणि चार पिल्लं. मांजरीच्या कपाळाला हळदकुंकू लावलेलं आणि टोपलीच्या कडेला सुकवलेल्या कोलंबीची फडक्यातली पुरचुंडी बांधलेली. "सोडे हायत. तिच्यासाठी." टोपली तिने माझ्या हातात दिली आणि रडायला लागली. डोळे पुसण्याइतकं नाही, हुंदके देऊन, पदर तोंडात कोंबून. लेक सासरी निघाली की आया रडतात तशी.

मी जिंकले होते. मांजर माझ्या हातात होती, वर व्याजात चार पिल्लं.

"अगं, रडतेस काय एवढी?" मी म्हटलं. "भिंतीपलीकडे तर आहे!"

तरी ती रडत राहिली. आणि त्या टोपलीकडे बघता बघता मला कोणाचा हेवा वाटला सांगू? मांजरीचा. देवाशपथ. माझं माहेर वाकोल्याला. आई मी लहान असतानाच गेली. लग्न लागून निघायची वेळ झाली तेव्हा वडील टॅक्सी बघायला गेले ते टॅक्सी मिळाल्यावरच आले, आणि भावाची बायको "उशीर होतोय" म्हणाली. पहिल्या बाळंतपणाला विचारायला माणूस पाठवला तर निरोप आला, इथे जागा कुठाय? दोन्ही बाळंतपणं लालबागच्या एका खोलीत, सासूबाईंच्या हाताखाली. त्यांनी काही कमी नाही केलं. पण मी उंबरा ओलांडला म्हणून तोंडात पदर कोंबून कोणी रडलं नाही. आणि ही जिन्याखालची मांजर, हिच्यासाठी बघा!

"माझ्यासाठी असं कोणी रडलं नव्हतं गं," मी बोलून गेले. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

तिचं रडणं थांबलं. तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मग टोपलीच्या कडेची ती पुरचुंडी सोडली, माझ्या कमरेचा पदर ओढून पुढे घेतला आणि त्यात सोडे ओतले. सगळे. ओटी भरतात तशी. आपल्या घरात जाऊन देव्हाऱ्यातल्या करंड्यातलं कुंकू आणलं आणि माझ्या कपाळाला लावलं. माझ्याहून लहान असून. "रविवारी जेवायला या," म्हणाली. "लेकीने चार दिवस राहायला यायचं असतं."

माझे दोन्ही हात टोपलीत अडकलेले, डोळे पुसता येईनात. सोड्यांचा वास सुटला तशी मांजर टोपलीतून मान वर काढून माझ्या पदराकडे बघत मोठमोठ्याने ओरडायला लागली.

ओरडू दे, म्हटलं. दिले नाहीत मी तिला.